शेणव्याच्या उतारावरील मोहीम

ग्रामदैवताचे स्मरण करोन, खर्डी मुक्कामीचे राजश्री नवसूमामा यांनी शेणव्याच्या उतारावर जी शर्थ केली, तिची हकीकत ऐकिली तैसी लिहिली आहे. तिखटमीठ जास्त वाटल्यास ते लग्नाच्या पंगतीतले समजावे.

मामांची वडिलार्जित जमीन महामार्गाखाली गेली आणि मोबदल्यातून त्यांनी काळी विलायती मोटार घरी आणिली, आणि तिजवर ऐसा जीव जडला की टपावर कोंबडे बसले तरी मामा जातीने धावून जात. मग शेणवा गावी दिलेली भगिनी भागीबाई, तिची कन्या मनस्वी हिचे लग्न ठरले, आणि मामांनी तमाम भावकीसमक्ष जाहीर केले की भाची सासरी निघेल ती याच मोटारीतून.

मग मोटार भगिनीच्या दारी दाखल जाहली, झेंडूच्या माळांनी शृंगारली, आणि ऐन हळदीच्या दिवशी मामांच्या मोबाइलात कंपनी सरकारचा खलिता उतरला, की या जातीच्या तमाम मोटारींच्या ब्रेकातील एक पुर्जा सदोष निघाला असे. तो फुकट बदलून देऊ, न्यावयास आमचा ट्रक परवा येईल, तोवर मोटार बिलकूल चालवू नये.

मामा हवालदिल जाहले. घर टेकडावर, खाली शिवेपर्यंत सारा उतार. खलिता दडपावा तर पोरीचा जीव, सांगावा तर इभ्रत. ताटातले जेवण तैसेच राहिले. मग हळदीने माखून हसणाऱ्या भाचीकडे त्यांनी एकवार पाहिले आणि भर मांडवात सर्व सांगून टाकिले. लाज फार वाटली. त्यात भावकीतील एका मुत्सद्द्याने आपली रिक्षा हजर असल्याचे कळवून जखमेवर मीठ चोळिले.

तेव्हा भागीबाई हात पुसत बाहेर आल्या.

"दादा, भाताच्या भाऱ्यांची गाडी उतारावरनं कशी उतरवतो रे आपन? मागून नाडा धरून ना?"

"गो, ही काय बैलगाडी हाय का?"

"चाका तर हायेत ना तिला."

शिवेपर्यंत मोटार, पुढे नवरदेवाचा टेम्पो, ऐसी मसलत पक्की जाहली. दुसरे दिवशी लग्न लागले आणि फौज कूच करिती जाहली. इंजिन बंद; आत नवरानवरी; सुकाणू मामी रुपालीबाईंचे हाती; चाकांशी धोंडे घेऊन गडी; वाजंत्री समोरून हटवून बाजूस; आणि मागे बांधलेला जाड दोरखंडाचा नाडा धरून तमाम शेणवा, अग्रभागी खासे मामा. पायाखाली खडी सरकली, फेटे सुटले, रिक्षावाल्या मुत्सद्द्यानेही अखेर नाड्यास हात घातला, आणि मोटार वीतवीत उतरू लागली. शिवेवर नवरदेवाचा टेम्पो दिसू लागला.

आणि शिवेच्या अलीकडे मोटार जागीच अडली. धोंडा नाही, खड्डा नाही, उतार तर अजून बाकी. रुपालीबाईंनी खिडकीतून मान काढिली.

"अवो, ढील द्या ना. पोरीला सासरी जायचाय."

मग सर्वांचे ध्यानी आले की कोणीच ढील देत नाही, आणि सर्वांत घट्ट धरिले आहे ते मामांनी. मामांनी मान खाली घातली आणि नाडा हळूहळू सोडिला.

येणेप्रमाणे मोटार इंजिनावाचून व ब्रेकावाचून शिवेस सुखरूप पोहोचली, मनस्वी टेम्पोत बसोन सासरी रवाना जाहली, मामांचा शब्द राहिला, मोहीम फत्ते जाहली. मामांच्या तळहातांवर नाड्याचे वळ उठले. त्या दिवशी डोळे का भरले ऐसे ज्याने ज्याने पुसले, त्यास मामांनी ते वळ दाखविले.