तोंड दिसणारा दिवा

हरीभाऊ चुरी बॅटरीच्या दुकानात शिरले, की आधी दुकानदाराला शटर खाली ओढायला लावायचे. मग काळोखात बॅटरी कपाळाला बांधायचे, पेटवायचे आणि त्याच्यासमोर उभे राहून विचारायचे, "माझं तोंड दिसतं काय?"

डोळ्यांत झोत गेलेल्या त्या माणसाला तोंडच काय, स्वतःचा गल्लाही दिसत नसे. तो "नाही" म्हणाला, की हरीभाऊ बॅटरी सोडून ठेवत. "मग काय कामाची नाय," म्हणत आणि शटर स्वतः वर करून देत. पालघरचा एक दुकानदार एकदा वैतागला. "शेठ, तुम्हाला वाट बघायची आहे की तोंड?" हरीभाऊ शांतपणे म्हणाले, "दोन्ही."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोईसरच्या आमच्या कारखान्यात हरीभाऊ स्टोअर सांभाळायचे, मी लॅबमध्ये होतो. दर थंडीत आमची टोळी रात्री वाघोबा खिंडीतून काळदुर्ग चढायला निघायची आणि उजाडता उजाडता माथ्यावर पोचायची. वाट घसाऱ्याची, वरती कातळ. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून दिवा कपाळावरच हवा, हे आम्हाला हरीभाऊंनी शिकवलं. तसले दिवे तेव्हा आमच्या भागात सहज मिळत नसत. हरीभाऊ आम्हाला ते घरी बनवून देत. सायकलच्या ट्यूबचा पट्टा, सेलचा डबा कमरेला, वायर शर्टाच्या आतून. "वायर बाहेर ठेवलीत तर करवंदीत अडकेल. मग तुमी वर आणि दिवा खाली."

एवढं करून निघायच्या दिवशी ते म्हणत, "तुमी जा. माझा दिवा अजून जमला नाय."

यावरून त्यांची भरपूर थट्टा व्हायची. कुणी म्हणे बिबट्याला भितात, कुणी म्हणे बायकोला. हरीभाऊ हसायचे आणि शोध चालू ठेवायचे. चिंचणीला रात्री खेकडे-चिंबोऱ्या पकडणाऱ्या एकाचा दिवा त्यांनी आठवडाभर मागून आणला होता. खाणीतल्या कामगारांचा एक जुना दिवा मुंबईहून आणला. त्याच्या बॅटरीतलं ॲसिड गळलं आणि पँटला मागच्या बाजूला चांगली खिडकी पडली. ती शर्टाने झाकत ते स्टोअरमध्ये दिवसभर भिंतीला पाठ लावून वावरले. "उजेड झकास हाय," मला म्हणाले. "पँट गेली ती गेली. पण तोंडाचं काय?"

एका रविवारी संध्याकाळी माझ्या दिव्याचा पट्टा तुटला, म्हणून मी पहिल्यांदाच पालघरला त्यांच्या घरी गेलो. खिडक्यांवर गोधड्या टांगलेल्या. दार उघडलं ते हरीभाऊंनी, आणि मी दोन पावलं मागे सरलो. त्यांच्या कपाळावर नेहमीसारखा दिवा होताच, पण त्याच्या पट्ट्यातून एक तार वीतभर पुढे येऊन खाली वाकली होती. तिच्या टोकाला इवलासा बल्ब, त्याला तुपाच्या डब्याच्या पत्र्याचं झाकण. त्याचा उजेड थेट त्यांच्या ओठांवर पडत होता. काळोखात नुसतं तोंड तरंगत होतं.

"या, बसा. दार लावून घ्या," ते तोंड म्हणालं.

आत स्टुलावर सुमनवहिनी बसल्या होत्या. हरीभाऊ त्यांच्यासमोर उभे राहिले आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवू लागले. वहिनी जरा मोठ्या, एकसुरी आवाजात म्हणाल्या, "दळण आणायचं राहिलं." हरीभाऊंनी मान हलवली. पुन्हा ओठ हलले. "माकुणसारला आईकडं कदी जायचं," वहिनी म्हणाल्या. "आता बरोबर दिसतं. बल्ब थोडा खाली घ्या, मिशीची सावली पडते."

मग हरीभाऊंनी खोलीतला दिवा लावला आणि चहा ठेवता ठेवता सांगितलं. लग्नानंतर दोघं रात्रीचे काळदुर्गला जात. पुढे वहिनींना क्षयाची इंजेक्शनं द्यावी लागली.

"दुखणं गेलं, पण कान घेऊन गेलं. आता ही ओठ बघून ओळखते. नंतर एकदा गेलो आमी. काळोखात ही काय काय विचारत होती, मी सांगत होतो. हिला कुठून दिसणार? हिला वाटलं, मी रागावलोय. रडत रडत वर आली. तेव्हापासून येत नाय म्हणते. आता हिला घरी ठेवून मी तुमच्याबरोबर येऊ काय?"

वहिनी आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होत्या.

त्या वर्षी दोघंही आले. खिंडीत वाघोबाला हात जोडून आम्ही चढायला लागलो. हरीभाऊ वाट दाखवायला पुढे, वहिनी मागे. आणि पन्नासेक पावलांवर एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात आली, जी इतक्या वर्षांत हरीभाऊंच्या डोक्यात आली नव्हती. पुढे चालणाऱ्या माणसाचं तोंड पुढे असतं. वहिनींनी काही विचारलं, की हरीभाऊंना थांबून मागे वळावं लागे. वहिनी पुढे झाल्या, तर त्यांना वळावं लागे. एक वाक्य, एक मुक्काम.

"तुमी व्हा पुढे," हरीभाऊ म्हणाले. आम्ही गेलो. उजाडलं तेव्हा खालचं पालघर, पलीकडचा समुद्र, सगळं लख्ख दिसलं, पण ते दोघं काही वर आले नाहीत.

उतरताना ते भेटले. निम्म्या वाटेवरही नाही, खूपच खाली. एका दगडावर समोरासमोर बसले होते. ऊन चांगलं वर आलं होतं, तरी हरीभाऊंच्या तोंडापुढचा बल्ब चालूच होता. वहिनी हातवारे करत त्यांना कशावरून तरी बोल लावत होत्या, आणि हरीभाऊ ओठ नीट उघडून एकेका शब्दाने आपली बाजू मांडत होते.

"हरीभाऊ, माथा राहिला की," मी म्हणालो.

"माथा हाय तिथंच हाय," ते वहिनींवरची नजर न काढता म्हणाले. "मागच्या खेपेचं भांडण राहिलेलं."