चुकीच्या माशीवरचा मासा

दौलतराव माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याच्या कोंबड्याकडं बघायचे. घरात मयत असो की बारसं, हा माणूस अंगणात शिरला की पहिली नजर खुराड्यावर. त्यांच्याच पोरासाठी मुलगी बघायला आम्ही शिरड शहापूरला गेलो होतो. मुलगी पोहे घेऊन आली, आणि हे मुलीच्या बापाला विचारतात, "काळ्याच्या मानंचं पर लई बेस हाय. कवा कापून राहिले?" मी मान खाली घालून पोहे खाल्ले. दुसरं काय करणार?

सिद्धेश्वर धरणावर आम्ही एकाच खात्यात. मी ऑफिसात कारकून, ते धरणातल्या पाण्याची पातळी वहीत लिहायचे. वसाहतीत आमची भिंतीला भिंत. पगार पाण्याचा, पण जीव सगळा माशीत. माशी म्हणजे खरी नव्हे हो. गळाला कोंबड्याचं पीस आणि रेशीम बांधून केलेली खोटी माशी. ती पाण्यावर नाचवली की मरळ तिला किडा समजून झेप घेते. ही विद्या त्यांच्या आज्याची. आजा हिंगोलीच्या छावणीत कुणा गोऱ्या साहेबाचा खानसामा होता, साहेबाच्या गळासाठी माश्या बांधायचा. साहेब गेला आणि माशी या घराच्या मानगुटीवर बसली.

तिचे नियम ऐका. काळ्याच कोंबड्याच्या मानेचं पीस, तेही उजव्या बाजूचं. लाल रेशीम. वेढे नऊ. शेपटीला पिवळ्या लोकरीचे तीन धागे. डोक्यावर मेण. मी एकदा वेड्यासारखं विचारलं, "दौलतराव, नऊच का?"

"आज्यानं घातले म्हून."

"आणि आज्यानं का घातले?"

"आज्याला इचारणारे तुमी कोण?"

संपलं! जयंतीला निळा फेटा बांधतानासुद्धा या माणसाचे ओठ हलायचे. वेढे मोजत असायचे. त्यांची बायको म्हणायची, "लगनात माझ्याकडं न्हाई, मुंडावळ्याच्या गाठीकडं बघत व्हते."

त्यांना घोर एकच होता, आणि तो ते दिवसातून दोनदा बोलून दाखवायचे. "माझ्यामागं ही माशी बराबर बांधील असं एक माणूस पायजे." पोरानं आधीच हात जोडले होते. मग ही साडेसाती कुणाच्या राशीला? शेजाऱ्याच्या! रोज ऑफिस सुटलं की त्यांच्या ओट्यावर बसायचं, बांधायचं, आणि शिव्या खायच्या. "ढिली हाय. सोडा." "वेढ्यावर वेढा चढला. सोडा." ब्याण्णव साल असेल, त्या एका उन्हाळ्यात मी जितक्या गाठी सोडल्या तितक्या कुणी कोर्टातसुद्धा सोडवल्या नसतील.

पण मीही माणूस आहे. मला वाटलं, आपल्या डोक्यानं एक बांधून बघू. बायकोच्या जुन्या स्वेटरची निळी लोकर घेतली, दिवाळीच्या आकाशकंदिलातली चमकी घेतली, पांढऱ्या कोंबडीचं पीस घेतलं आणि वेढे पडतील तसे घातले. दौलतरावांनी ती चिमटीत धरली, मेलेली पाल धरावी तशी.

"ही माशी हाय का वरातीतली घोडी?"

"चालेल की!"

"चालंल. घोडी बी चालते."

दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या घोडीवर मला मरळ लागली. चांगली हातभर. शेजारीच दौलतराव आज्याची माशी नाचवत बसले होते, त्यांना शेवाळ लागलं. मी मोठ्या मनानं जेवायला बोलावलं. बायकोनं झणझणीत कालवण केलं, वास वसाहतभर. हे आले, पाटावर बसले, आणि भाकरीबरोबर कांदा खाऊन उठले.

"अहो, मासा?"

"चुकीच्या माशीवरचा मासा आमी खात न्हाई."

"लागला ना पण तिला? मग चुकीची कशी?"

"चोराला माल घावते. म्हून चोरी बराबर व्हय का?"

माझी बायको तर रडायलाच लागली. बिचारीला वाटलं, मीठ जास्त झालं.

खरा कहर पुढं झाला. त्या मरळीनंतर मी घोडीसारख्याच आणखी दहा बांधून डबीत ठेवल्या होत्या. मी आठवडाभर नांदेडला गेलो आणि घराची किल्ली शेजारधर्म म्हणून त्यांच्याकडं ठेवली. परत येऊन माझी डबी उघडली. माझ्या अकराच्या अकरा माश्या गायब, आणि त्याच गळांवर आज्याच्या अकरा माश्या! नऊ-नऊ वेढे, पिवळ्या शेपट्या. चोरी केली असती तर परवडलं असतं. मी तणतणत गेलो.

"माझ्या माश्या का सोडल्या?"

"दुरुस्त केल्या. तकलीफ घेऊ नका, मेण माझ्याच घरचं हाय."

वर उपकार! मी इतका भडकलो की दोन महिने त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. रोज सकाळी माझ्या दाराच्या कडीला एक नवी माशी अडकवलेली असायची, नमुना म्हणून. मी रोज ती काढून फेकायचो. म्हणजे, फेकायच्या आधी वेढे मोजायचो. सवयच लावली होती त्या माणसानं.

पुढं माझी बदली सेनगावला झाली. सुटलो एकदाचा, म्हणून मी पेढे वाटले. दौलतरावांनी पेढा घेतला, खाल्ला नाही, तसाच खिशात ठेवला. त्यानंतर चौदा वर्षं गाठ नाही. कळत होतं तेवढंच. ते रिटायर झाले आणि धरणाजवळच घर बांधून राहिले. पोरगा पुण्याला कंपनीत. नातू झाल्यावर बायको त्याला सांभाळायला गेली ती तिकडंच राहिली. पोरानं बापाला बाजारचा रबरी बेडूक पाठवला होता म्हणे, गळ बसवलेला. तो यांनी परतीच्या टपालानं पुण्याला पाठवून दिला.

मीही रिटायर झालो, आणि एक दिवस औंढ्याहून बस पकडून त्यांच्याकडं गेलो. ओट्यावर एकटेच बसले होते. चष्मा जाड झालेला, हात काटक्या झालेले. मला ओळखलं, पण बसा म्हणाले नाहीत. हातातली माशी पुढं केली.

"बघा."

मी बघितली आणि चरकलो. रेशीम हिरवं. वेढे सात. शेपटी नाहीच. ज्या माणसानं माझ्या डोक्याचं भुस्कट पाडलं, त्याची चूक माझ्या तळहातावर होती! चौदा वर्षांपूर्वी हे घडलं असतं तर मी धरणाच्या भिंतीवर उभा राहून ओरडलो असतो. पण वाटलं, म्हातारा झाला, नजर गेली, कशाला दुखवायचं?

"एकदम बराबर आहे, दौलतराव."

"बराबर हाय?"

"अगदी आज्याची."

त्यांनी माशी परत घेतली. चेहरा असा उतरला की मला कळेना काय झालं.

"सा महिने झाले, मुद्दाम चुकीची बांधून दाखवून राहिलो," ते हळू म्हणाले. "मासे धरणाऱ्या भोयायला दाखवली. धरण बघायला येणाऱ्यायला दाखवली. पोरगं आलं व्हतं, त्याला दाखवली. समदे म्हणतेत, लई भारी. एकानं बी चूक काढली न्हाई. म्हणलं, तुमी आले तर काढसाल. तुमी बी इसरले. मंग झालं. आता म्या चुकीची बांधली काय अन् बराबर बांधली काय."

माझं टाळकंच सरकलं. विसरलो? मी? "अहो, काय बराबर आहे यात?" मी ओरडलोच. "हिरवं रेशीम कुणाच्या आज्यानं लावलं होतं? वेढे सात आहेत, सात! शेपटी कुठं गेली? तीन धागे पिवळ्या लोकरीचे!"

"आन?" दौलतरावांनी डोळे मिटले होते.

"आणि मेण कुठंय? आणि हे पीस डाव्या बाजूचं आहे. लाज वाटायला पाहिजे!"

"आन?"

"आणि काय माझं डोंबल! सोडा ती!"

मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. "मंग बराबर काहून म्हणले?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"लई वाईट वाटलं," ते म्हणाले. मग सरकून त्यांनी ओट्यावर माझ्यासाठी जागा केली, नवा गळ माझ्या हातात दिला आणि कोरडं खाकरून म्हणाले, "बसा. बांधा. म्या बघून राहिलो."

शेवटची बस वळणावर येऊन हॉर्न देत होती. मी सहाव्या वेढ्यावर होतो.