किसनआप्पांच्या स्वर्गातली बरणी

किसनआप्पा माणसाला आधी हुंगायचे आणि मग नमस्कार करायचे.

लांबून, सभ्यपणे, पण हुंगायचे. ‘‘काल रातीला मेथी, सकाळी ब्यांकेत गेला व्हता, आन् पेट्रोल भरताना हातावर सांडलं,’’ एवढं सांगून झालं की मग ‘‘या, बसा.’’ माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासऱ्यांना हुंगून भर मांडवात सांगितलं, ‘‘पाव्हणं, कोट भावाचा हाय.’’ कोट भावाचाच होता. सासऱ्यांनी हे अजून माफ केलेलं नाही. मला, आप्पांना नव्हे.

दौंड जंक्शनवर आप्पांना डोळे बांधून बसवा, गाडी सिग्नलला असतानाच ती कुठली ते सांगायचे. ‘‘सोलापूरकडची हाय, शेंगाची चटणी येतीया.’’ एकदा म्हणाले, ‘‘मालगाडी, कोळशाची. तिसऱ्या डब्यात बोकड.’’ बोकड निघाला. आता मालगाडीत बोकड कसा आला हे मला विचारू नका. मी पाहिलं तेवढं सांगतोय.

दौंडात, रेल्वे वसाहतीच्या मागच्या आळीत जन्मलेला माणूस रेल्वेत लागतो. आप्पा लागले ब्रँडीच्या कारखान्यात, शिरूरच्या बाजूला. मी तिथंच परदेशी मालाचे कागद बघतो. कंपनीची बस दौंडहून त्यांना घेऊन निघायची आणि मला केडगाव-चौफुल्यावर उचलायची. वीस वर्षं रोज जाता-येता मी त्यांच्या शेजारी बसलो. एवढ्या वेळात दुसरा कुणी डॉक्टर झाला असता. मी आप्पांचा अभ्यास केला.

आमचा धंदा असा. फ्रान्समध्ये कोन्याक नावाचं गाव आहे. तिथली पांढरी, आंबटढाण द्राक्षं आंबवून, तांब्याच्या भांड्यात दोनदा उकळून, ओकच्या लाकडी पिपात वर्षानुवर्षं ठेवली की जे होतं, त्यालाच जगात त्या गावाचं नाव लावता येतं. शिवेबाहेर केलं तर ती नुसती ब्रँडी. आमच्याकडं त्या मुलखातली जुनी ब्रँडी पिपांतून बोटीनं न्हावाशेवाला येते, तिथून कंटेनरनं शिरूरला. सरकारी कुलपाच्या गोदामात पिपं निवांत पडून राहतात. मग आमच्या मालात मिसळून, बाटलीत भरून ती पुन्हा बोटीत बसते आणि आफ्रिकेला जाते. ब्रँडीनं जेवढं जग पाहिलंय तेवढं आमच्या आमदारानंही पाहिलेलं नाही.

कुठल्या पिपातली कुठल्यात मिसळायची, कुठली अजून ठेवायची, हे आप्पांचं नाक ठरवायचं. आणि गंमत अशी, की आप्पांनी जन्मात थेंब घेतलेला नाही. कारखान्यात लागले तेव्हा पारूमावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. ‘‘हुंगा काय हुंगायचं ते. पर जिभंला लागलं तर मी माहेरी, पाबळला.’’ रोज संध्याकाळी दारात त्या आप्पांचं तोंड हुंगायच्या, आणि मगच आत घ्यायच्या. काही वर्षांत त्यांचं नाक एवढं तयार झालं, की सदऱ्याच्या वासावरून विचारायच्या, ‘‘आज नव्या लाकडात व्हता जणू?’’ आप्पा मला म्हणायचे, ‘‘बबन्या, खरं नाक घरी हाय. मी नुस्ता पगार घेतो.’’

पिपांच्या संगतीत राहून आप्पांना सगळं जगच पिपासारखं दिसायला लागलं होतं. ‘‘कोवळं हाय अजून’’ आणि ‘‘बसू द्या’’ या दोन वाक्यांवर त्यांचा संसार चालायचा. चहा आला, कोवळा हाय. चाळिशीतला नवरदेव, कोवळा हाय. नवा सरपंच, बसू द्या. आमच्या पतसंस्थेच्या सभेत अध्यक्ष छाती फुगवून म्हणाले, की संचालक मंडळाचा मिळून तीनशे वर्षांचा अनुभव आहे. आप्पा उठले.

‘‘आमच्यात नियम हाय. धा पिपं मिसळली तरी बाटलीचं वय सगळ्यात कोवळ्या पिपाएवढं. मंडळात कोवळा कोन? तुमचा भाचा. कवा घेतला? मागल्या म्हयन्यात. मग अनुभव येक म्हयना.’’

त्या वर्षी सभेत नाश्ता मिळाला नाही.

एकदा फ्रान्सहून गोरा साहेब आला. आप्पांनी त्याच्या नव्या मालाचा ग्लास नाकाखाली धरला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, ‘‘सांग त्येला, ह्या पिपाशेजारी कांदं व्हतं.’’ मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. साहेब लालबुंद. तिथल्या तिथं फोन लावला. पलीकडं तळघरात जाऊन शोध झाला. मग कबुली आली, की तळघराचा रखवालदार दोन वर्षं आपल्या बायकोचे कांदे तिथं साठवत होता. साहेबानं आप्पांचे दोन्ही हात धरले. आप्पा म्हणाले, ‘‘आन् कांदा आपल्याकडचा न्हाई म्हनावं. आपला तिखाट असतो.’’

त्याच साहेबानं जेवताना दोन गोष्टी सांगितल्या. एक, की पिपातली ब्रँडी दरसाल थोडी उडून जाते आणि त्यांच्याकडं त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. आप्पांना हे लगेच पटलं. ‘‘आपन कावळ्याला ठेवतो तसा.’’ दुसरी, की फार जुनी झाली की ती पिपातून काढून काचेच्या मोठ्या बरण्यांत भरतात आणि तोंड मेणानं बंद करतात. काचेत गेली की तिचं वय वाढत नाही, आणि ती उडतही नाही. त्या बरण्यांच्या खोलीचं नाव स्वर्ग.  परतीच्या बसमध्ये आप्पांनी मला दोनदा विचारलं, ‘‘काचंत उडत न्हाई म्हनला न्हवं?’’ पारूमावशी वारल्या त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं.

पुढं एकदा मी त्यांच्याकडं पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्याखालच्या फळीवर काचेची बरणी. फडक्यात गुंडाळलेली, तोंड मेणानं बंद.

‘‘आप्पा, हे काय?’’

‘‘सोरगातला माल हाय. जुना. हात लावू नगं.’’

बस्स. एवढं माझ्यासारख्याला पुरतं. साहेबानं आप्पांना साठ वर्षांची ब्रँडी भेट दिली, असं मी दुसऱ्या दिवशी बसमध्ये हळूच सोडलं. केडगावला ती शंभर वर्षांची झाली. पाबळला पोचेपर्यंत फ्रान्सच्या राजानं ती अर्धी पिऊन ठेवलेली होती. मी स्वतःच सोडलेल्या बातमीवर माझाच विश्वास बसला आणि सहा वर्षं मी त्या बरणीवर डोळा ठेवून जगलो.

मागल्या हिवाळ्यात आप्पांना ताप आला. आठवड्यात उतरला. त्यानंतर आप्पांचं हुंगणं बंद झालं. थेट नमस्कार करायला लागले. लोक म्हणाले, निवृत्ती जवळ आली तसा म्हातारा सुधारला. माझ्या घरी आले होते, तेव्हा माझी बायको दारात भाजीवाल्याशी भांडत होती आणि आत दूध उतू जाऊन करपून पातेलं काळं झालं. आळीतली चार घरं धावत आली. आप्पा समोर बसून शांतपणे बशीतला चहा पीत होते.

मी म्हणालो, ‘‘आप्पा, दूध करपलं.’’

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ‘‘कवा?’’

त्या एका शब्दावर मला सगळं कळलं. बाकीचे गेल्यावर ते हळूच म्हणाले, ‘‘तापानं न्येलं. डाक्टर म्हनतो येईल, न्हाईतर न्हाई येनार. कुनाला बोलू नगं.’’

‘‘नोकरीचे तीन महिने तर राहिलेत. सांभाळून घेऊ.’’

‘‘नोकरीचं न्हाई रं. नाकाचं दुसरं येक काम हाय.’’

तीन महिने मी आप्पांचं नाक झालो. गोदामात ते पिपाचं बूच काढायचे आणि मी वाकायचो.

‘‘सांग.’’

‘‘दारूचा वास येतोय.’’

‘‘गाढवा, दारूच्या पिपात दारूचाच येनार! तिच्या मागं काय हाय?’’

‘‘मागं... मनुका. शाळेतला बाक. आणि आमच्या सासऱ्यांचा कोट.’’

‘‘कोट भिजल्याला का सुका?’’

‘‘सुका.’’

‘‘मग बावीस नंबर बरुबर चाललंय. बसू द्या.’’

एकही पीप चुकलं नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, आणि गेटवर आप्पा म्हणाले, ‘‘रविवारी दुपारी घरी ये. येकटा ये. काय खाऊन येऊ नगं, नाक भरतं. बरनी फोडायची हाय.’’

सहा वर्षांची तपश्चर्या फळाला आली! मी साबण न लावता अंघोळ केली. केडगावला दौंडची गाडी पकडली. खिशात खारे शेंगदाणे घेतले, राजाच्या दारूबरोबर काहीतरी तोंडात टाकायला हवंच. एरवी मी आळीच्या तोंडाशी असतानाच आप्पांनी ते शेंगदाणे ओळखले असते. त्या दिवशी मी त्यांच्या समोर बसलो तरी त्यांना पत्ता नव्हता. माझा उत्साह तिथंच निम्मा झाला.

त्यांनी बरणी आणली, सुरी गरम करून मेण सोडवलं आणि झाकण न काढता ती माझ्यापुढं ठेवली. मी उजेडात धरून पाहिली. आत काळा मसाला होता. घरचा, कालवणात घालायचा, अर्धी बरणी.

‘‘पारूनं शेवटचा कुटल्याला. आधी डब्यात व्हता. वास उडाया लागला, तवा सायबाचं ऐकून काचंत भरला. वर्साला येकदा, तिच्या तिथीला, उघडतो. येकदा हुंगतो. बंद करतो.’’ ते थांबले. ‘‘औंदा उघडली. काय बी आलं न्हाई. आता माझं नाक गेलंय का बरनीतलं गेलंय, मला कळंना. नाक गेलं तर जाऊ दे, बबन्या. बरनीत हाय का, तेवढं सांग.’’

मी झाकण काढून नाक आत घातलं. धूळ. जुनी, गेलेली मिरची. बस्स.

माणसानं खोटं बोलायचा उभा जन्म सराव कशासाठी केलेला असतो? मी सुरू झालो. ‘‘अहाहा, आप्पा! काय घमघमाट! लवंग येतीय, दालचिनी येतीय, दगडफूल तर असं...’’ आप्पा मान खाली घालून ऐकत होते. चेहऱ्यावर काही नाही. मी घाबरलो आणि नुसता वेळ काढायला पुन्हा वाकलो, खोल श्वास घेतला. तेव्हा पार तळातून काहीतरी आलं. बारीक, कडवट.

‘‘आणि खोबरं,’’ मी म्हणालो. ‘‘जरासं करपलेलं.’’

आप्पांनी मान वर केली.

‘‘काय म्हनलास?’’

‘‘करपलेलं खोबरं. थोडंसंच आहे. पण आहे.’’

आप्पा हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. ‘‘त्या दिशी म्या हितनंच वरडलो, पारू, खोबरं करपतंय. ती म्हनली, नाक कारखान्यात ठिवून येत जावा. शेवटपर्यंत कबूल क्येलं न्हाई तिनं.’’ डोळे पुसून त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. ‘‘लवंग मला सोसत न्हाई. तिनं जन्मात घातली न्हाई. दालचिनी, दगडफूल, समद्या थापा मारल्यास. कोवळा हायस अजून. पर खोबऱ्याचं खरं बोललास.’’

मी खिशातले शेंगदाणे काढून मधे ठेवले.

‘‘हाय म्हंजी अजून,’’ आप्पा स्वतःशी म्हणाले, आणि एकदम माझ्यावर ओरडले, ‘‘आरं, मग झाकन लाव की! उडालं त्यो तिचा वाटा. ऱ्हायलं त्यो माझा.’’

मी झाकण दाबून बसवलं. आप्पांनी मेण वितळवून कडेनं ओतलं, वरून बोट फिरवलं, आणि सवयीनं ते बोट नाकाशी नेलं.