पाठ चोळण्याचे पैसे

आमच्या पिंप्राळ्यात सकाळी कोणी पोथी वाचतं, कोणी पेपर. शेजारचे भास्करनाना आरोग्य विम्याची पॉलिसी वाचतात. ओट्यावर खुर्ची टाकून, मोठ्याने, संथ लयीत. "वगळलेल्या बाबी. हातमोजे. कापूस. चहा..." नवीन दूधवाला पहिल्या दिवशी चप्पल काढून ऐकत उभा राहिला होता. घरात ऐकायला कोणी नाही, म्हणून बहुधा गल्लीला ऐकवतात.

नाना पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून. नोकरीत लोकांची बिलं अडवली, आता लोकांची अडलेली सोडवतात. कोणाचा मोतीबिंदू, कोणाचा मुतखडा. विमा कंपनी नाही म्हणाली की माणूस थेट नानांच्या ओट्यावर. नाना चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "बठ्ठं लिखेल शे." आणि खरंच, सगळं कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं निघतं. त्यांचा एकही क्लेम कधी पडला नव्हता. तो पडला माझ्यामुळे.

झालं असं की माझ्या बायकोला, वर्षाला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पाचोऱ्याला तिची आई आता नाही. माझी आई धुळ्याला, गुडघे धरून बसलेली. "मी आहे ना," मी छाती काढून म्हणालो.

"तुमची दाढ काढली तेव्हा तुम्ही डॉक्टरांचाच हात धरून ठेवला होता," वर्षा म्हणाली. "बिचाऱ्यांनी एका हाताने काढली."

तिला डूला हवी होती. म्हणजे कळा सुरू झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंत बाईजवळ थांबणारी, पाठ चोळणारी, श्वास घ्यायला लावणारी, धीर देणारी बाई. सुई टोचत नाही, टाके घालत नाही. फैजपूरच्या सुजाताताई हे काम रीतसर शिकून आल्या होत्या. "मला एकटीला आत जायचं नाही," एवढंच वर्षा म्हणाली. मी फी ऐकली आणि विचारलं, "पाठ चोळण्याचे पैसे?"

त्यानंतर काही दिवस माझं ताट मीच वाढून घेत होतो. तेव्हा नानांकडे गेलो.

माझी पॉलिसी मी परक्याच्या लग्नपत्रिकेसारखी ठेवली होती, न उघडता, कपाटावर. नानांनी ती एका बैठकीत वाचली आणि मध्ये दोनदा हसले. मग कंपनीला फोन लावला, आवाज मोठा करून.

"सर, अटेंडंटचा खर्च नॉन-पेयेबल आहे," पलीकडची मुलगी म्हणाली.

"ताई, अटेंडंट पंखा लावतो, डबा आणतो. ही अटेंडंट नाही. ही धीर देते."

"धीर पॉलिसीत नाही, सर."

"बरं. दुखू नये म्हणून पाठीत सुई टोचली, तर पैसे देता?"

"हो सर."

"आणि तीच पाठ हाताने चोळली तर?"

"लाइनवर राहा, सर."

पुढे बराच वेळ नुसतं संगीत वाजलं. नाना मान डोलावत ऐकत होते.

शेवटी कंपनीने मागणी केली की डूलाची वैद्यकीय गरज आहे, असं डॉक्टरांनी लिहून द्यावं. डॉक्टर मॅडमना श्वास घ्यायला वेळ नव्हता, लिहायला कुठून असणार. मग नाना रोज नंबर लावून प्रसूतिगृहाच्या बाकावर बसू लागले.

"पेशंट कोण?" रिसेप्शनच्या मुलीने विचारलं.

"मीच."

"कितवा महिना, आजोबा?"

"बहात्तरावं वर्ष."

दोन्हीकडे पोटुशा बाया, मध्ये नाना, मांडीवर पॉलिसी. कोणाचं रक्त कमी, कोणाची सासू जास्त, त्यांना सगळं पाठ झालं. "बाया आत, नवरे पार्किंगमध्ये मोबाइल बघत," एकदा मला म्हणाले. "तू तर पार्किंगमध्येही नसतोस."

वर्षाला कळा सुरू झाल्या तेव्हा मॅडमचं पत्र मिळालेलं नव्हतं. "नाना, मंजुरी यायची आहे, सुजाताताईंना थांबवू का?" हा प्रश्न मी खरोखर विचारला.

"गाढवा, आधी फोन लाव."

सुजाताताई आल्या. त्यांनी वर्षाला चालवलं, बसवलं, तिच्या कमरेशी मूठ दाबून धरली आणि मला तीनदा चहा आणायला पाठवलं. तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं, चहा कोणी पीतच नाहीये. मुलगी झाली. "पाठीवर हात होता, म्हणून जमलं," वर्षा म्हणाली. फी मी मुकाट भरली.

पुढे मॅडमनी पत्रही दिलं, बहुधा बाक मोकळा व्हावा म्हणून. कंपनीचं उत्तर आलं: आपल्या दाव्याचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला. दावा नामंजूर.

नानांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. "लिखेल नही शे," एवढंच म्हणाले. मग पत्राची घडी घालत, "विमा लोकपालाकडे जाऊ."

दुसऱ्या दिवसापासून ओटा रिकामा. मला वाटलं, हार मनाला लागली. गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. हातमोजे-कापूस ऐकल्याशिवाय कोणाला चहा गोड लागेना.

पुढे मुलीला डोस द्यायला प्रसूतिगृहात गेलो तर त्याच बाकावर नाना. शेजारी एक कोवळी पोरगी, एकटीच. नवरा केळीच्या ट्रकवर, दिल्लीच्या वाटेला. तिने नानांची बाही मुठीत गच्च धरली होती आणि नाना पॉलिसी वाचत होते, त्याच संथ लयीत. "हातमोजे." तिने श्वास सोडला. "कापूस." पुन्हा सोडला.

"नाना, लोकपालाचं काय झालं?" मी विचारलं.

नाना थांबले. पोरगी कळवळली, "नाना, कसाले थांबनात? वाचा ना."

"हळू बोल," ते मला म्हणाले. "हिला कळा येताहेत." आणि तिच्याकडे वळून, "चहा."

तेवढ्यात नर्सने दार उघडलं. "हिच्यासोबत कोण आहे?"

नाना उठले. बाही सुटेना, म्हणून वाकूनच उभे राहिले. "मी."

"नातं काय लिहू?"

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. पॉलिसीत असं कलमच सापडेना.

"अटेंडंट लिही," ते म्हणाले. "नॉन-पेयेबल."