बदली मशीन

आवाजाच्या बाबतीत मी कुणाला हार जाणार नाही! शाळेचा कुठलाही समारंभ असो, माईक आपोआप माझ्यासमोर येतो. मी शोकसभेत बोललो की दूरचे नातेवाईक जवळच्यांपेक्षा जास्त रडतात. त्यामुळे ज्या मुलांच्या डोळ्यांपुढे अक्षरं जागा बदलतात त्यांच्यासाठी शाळेनं धडे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि भाषेचा शिक्षक म्हणून ते माझ्या गळ्यात घातलं, तेव्हा मी मुख्याध्यापिकाबाईंना सरळ विचारलं, की मी असताना हे कशाला?

त्या म्हणाल्या, तुम्ही आहात म्हणूनच.

मशीनचा आवाज अगदी अळणी. आनंदाची बातमी आणि आगीची सूचना एकाच सुरात वाचणार! पण मुलांना ते आवडलं. सगळ्यांत जास्त आवडलं शेवटच्या वर्षातल्या ‘वकीलबाईं’ना. समोरच्याचं कुठलंही म्हणणं उलटतपासणीशिवाय मान्य करायचं नाही, म्हणून त्या मुलीला वर्गानं हे नाव दिलेलं. तिच्या संगणकावर एक कळ ठरलेली होती. एकदा दाबली की मशीन तीच ओळ पुन्हा वाचायचं, दोनदा दाबली की थांबायचं.

एकदा मी तिला विचारलं, माझ्यापेक्षा त्यात एवढं काय आहे?

“ते वैतागत नाही, सर. अकरा वेळा विचारलं तरी अकराव्यांदाही तसंच वाचतं. तुम्ही तिसऱ्यांदाच सुस्कारा टाकता.”

मी सुस्कारे टाकत नाही, असं मी सुस्कारा टाकून सांगितलं.

मुलगी हुशार. वडिलांचं जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान, तिथे बसून वीज तिच्या बोटांत उतरलेली. तोंडी विचारा, शिक्षकालाच शिकवेल. पण मागच्या वर्षी विज्ञानात नापास झाली, कारण इतरांची उत्तरं लिहून होईपर्यंत हिचा प्रश्नच वाचून होत नव्हता. यंदा चार अर्ज केल्यावर परीक्षा मंडळानं मशीन वापरायची परवानगी दिली. ही शेवटची संधी होती. विज्ञान सुटलं तर तंत्रशाळेत प्रवेश, नाहीतर तंत्रशाळेचं नाव कायमचं विसरायचं.

परवानगीच्या पत्रात एक अटही होती. मशीन बंद पडल्यास शिक्षकानं प्रश्न वाचावेत, पण सपाट आवाजात. सूचक चढउतार किंवा प्रश्नपत्रिकेबाहेरचं बोलणं आढळल्यास ताकीद, आणि तिसऱ्या ताकिदीला पेपर रद्द. मी हसून पत्र फाईलला लावलं. मशीन माझ्या हाताखाली बंद पडतंय कशाला?

आता एक कबुली देतो. अकरा दिवस ते मशीन मला रोज विचारत होतं, ‘नवी आवृत्ती आली आहे. आत्ता घ्यायची की नंतर?’ आणि अकराही दिवस मी ‘नंतर’वर बोट ठेवलं होतं.

परीक्षेला आम्हाला वेगळी खोली मिळाली. वकीलबाई, मी आणि मंडळाकडून आलेल्या पर्यवेक्षिकाबाई. त्यांच्या हातात लाल वही होती आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दोन प्रश्न सुरळीत झाले. तिसऱ्याच्या मध्यावर मुलीनं कानांवरचा हेडफोन काढला आणि माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर अक्षरं आली होती, ‘नवी आवृत्ती बसवली जात आहे. चार टक्के. कृपया संगणक बंद करू नये.’

अकरा दिवसांनी ते ‘नंतर’ नेमकं आज उगवलं होतं.

“वाचक कोण?” पर्यवेक्षिकाबाईंनी विचारलं.

खोटं कशाला बोलू, एक क्षण मला बरं वाटलं. शेवटी मशीनची जागा घ्यायला माणूसच लागला ना! मी उठलो, खाकरलो आणि प्रश्नपत्रिका हातात घेतली. विजेचा सर्वांत चांगला वाहक कोणता? लोखंड, शिसे, चांदी, तांबे. घरातल्या तारा तांब्याच्या असतात एवढं मला पक्कं ठाऊक. ‘तांबे’ म्हणताना माझा आवाज मायेनं भरून आला.

“चौथ्या पर्यायावर जोर. पहिली ताकीद.”

अहो, माझा आवाजच तसा आहे, असं मी समजावू लागलो.

“प्रश्नपत्रिकेबाहेरचं बोलणं. दुसरी.”

अर्ध्या मिनिटात दोन! ज्या आवाजाचा मी तीस वर्षं तोरा मिरवला, तोच आता एका शब्दात तिचं वर्ष आणि पुढचं सगळंच बुडवू शकत होता. मला माझी भयंकर लाज वाटली. आणि भीती तर त्याहून जास्त.

तेवढ्यात तिनं तो मुका हेडफोन पुन्हा कानांवर चढवला, पडद्याकडे तोंड केलं आणि बोटानं टेबलावर एकदा टक केलं.

म्हणजे, पुन्हा वाच. ती मला मशीन व्हायला सांगत होती.

मी झालो. लोखंड. शिसे. चांदी. तांबे. हजेरी घ्यावी तसं. टक. पुन्हा. टक. पुन्हा. चौथ्यांदा बेंबीच्या देठापासून सुस्कारा वर आला, तो मी नाकातून हप्त्याहप्त्यानं सोडला.

रिकाम्या जागांच्या प्रश्नाशी गाडी अडली. मी वाचलं, टक. पुन्हा वाचलं, टक. माझं काय चुकतंय? मग आठवलं, मशीन रिकामी जागासुद्धा वाचतं! मी निर्विकारपणे म्हणालो, “प्रकाशाचा वेग अधोरेखा अधोरेखा अधोरेखा पेक्षा जास्त असतो.” लाल वही उघडली. पर्यवेक्षिकाबाईंनी प्रश्नपत्रिकेवर बोट फिरवलं, छापलेल्या तीन रेघा मोजल्या आणि वही मिटली.

मग पडद्यावरचा आकडा एकतीस टक्क्यांवर असताना माझ्या घशात खवखव सुरू झाली, तीही नेमकी पर्याय दोनवर. इथे खोकलो तर दोनवर जोर दिल्यासारखं होणार! खोकला गिळून मी तीन वाचला, चार वाचला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पर्यवेक्षिकाबाई त्या पाण्याचा अर्थ लावत असतानाच वकीलबाईंनी टेबलावर दोनदा टकटक केलं. थांब. मी खिडकीशी धावलो आणि असा खोकलो की तीन खोल्यांपलीकडून शिपाई पाणी घेऊन आला.

दोन तास मी वाचत होतो. शेवटचा प्रश्न तिनं नऊ वेळा ऐकला आणि नवव्यांदाही मी पहिल्यासारखाच वाचला. घंटा झाली. तेवढ्यात पडद्यावर उमटलं, ‘काम पूर्ण झाले. आपल्या संयमाबद्दल आभार.’

बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, त्या वाहकाच्या प्रश्नाला काय लिहिलंस?

“चांदी. तुम्ही तांब्यावर इतका जोर दिलात, तेव्हाच कळलं की ते नसणार. तुमचं विज्ञान मला माहीत आहे, सर.”

ती पास झाली. तंत्रशाळेत प्रवेशही मिळाला. निकालाबरोबर पर्यवेक्षिकाबाईंचा अहवाल आला, तो मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्या शिक्षकांसमोर मोठ्यानं वाचला. ‘वाचकाच्या आवाजात भाव, ओलावा आणि जिवंतपणा यांचा संपूर्ण अभाव. शेरा: अत्युत्तम.’

तीस वर्षांत माझ्या आवाजाला मिळालेलं हे पहिलं लेखी प्रशस्तिपत्र. त्या संध्याकाळी मी बायकोला सगळी हकीकत सांगितली आणि मग उभं राहून तो अहवाल वाचून दाखवायला घेतला, योग्य त्या चढउतारांसह.

तिनं पहिलं वाक्य शांतपणे ऐकून घेतलं आणि टेबलावर बोटानं दोनदा टकटक केलं.