सिरोंच्याचं ‘चालु’

लाजऱ्या माणसाला बोलतं करण्यात माझा हात धरणारा अख्ख्या चंद्रपूर-गडचिरोलीत सापडायचा नाही! पुरावा मागाल, तर धनराज.

पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं घुग्घुसला एकाच ऑफिसात कारकून होतो. धनराजला एसटीत “थांबवा” म्हणायचीसुद्धा लाज. दुसरं कोणी उतरलं की हा उतरायचा आणि दोन मैल मागे चालत यायचा! मुलगी पाहायला गेलो, तर मुलीच्या बापाने विचारलं, “पोरगा मुका आहे काय?” याने भिडेखातर मान डोलावली!

अशी दोन स्थळं गेली. तिसरं सिरोंच्याचं. त्याची आई गुणाबाई मला म्हणाली, “भाऊ, हेही गेलं तं माह्या पोराचं लगन होत नाई.”

मी बेत आखला. चार वाक्यं लिहून दिली, आठवडाभर घोकून घेतली. “एवढं बोल अन् गप बस. बाकी मी पाहतो!”

सिरोंच्याच्या त्या घरात निम्मी तेलुगू, निम्मी मराठी. मुलीचे आजोबा खाटेवर बसलेले. त्यांना सगळे तातय्या म्हणत. धनराज उठला. कानशिलं भिवापुरी मिरचीसारखी लाल! चारही वाक्यं त्याने कोळशाच्या मालगाडीसारखी एका दमात काढली. तातय्यांनी हसून हात वर केला.

“चालु, चालु!”

धनराज माझ्या कानाशी आला. “भाऊ, चालू म्हनून राह्यले!”

“मंग चालू ठेव ना!”

पण पाठ तर चारच! मग गडी स्वतःचंच सांगायला लागला. घुग्घुसची धूळ, आईच्या हातचं वांगं, चुकीच्या फाट्यावर उतरून केलेली पायपीट...

“चालु!” तातय्यांचा आवाज चढला. तसा धनराजलाही चेव आला!

तेवढ्यात चहा घेऊन नवरी मुलगी आली, रंजीता. माझ्यापाशी वाकून हळूच म्हणाली, “भाऊ, तेलुगूत चालु म्हणजे पुरे!”

मी ताडकन उठलो.

“बसा. थांबवू नका त्यायले,” ती म्हणाली. “आतापर्यंत आले ते सारे पगार सांगून गेले. हे पायपीट सांगून राह्यले.”

मी बसलो. धनराज मान वर करून बोलत होता. पाच वर्षं शेजारच्या टेबलावर बसून त्याचे डोळे घारे आहेत, हे मला त्या दुपारी कळलं.

पाऊण तासाने तातय्यांनी हात जोडले. “पोरगी देतो बाबा! चालु!”

गेल्या महिन्यात धनराज-रंजीताच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली. चंद्रपुरात कार्यक्रम होता. धनराजच्या हाती माईक देणाऱ्याला हल्ली तो परत दिसत नाही! धनराजने सांगितलं, “तातय्या चालू म्हनाले, म्हनून मी बोलाले लागलो.” रंजीता पदराआड हसली.

मी म्हटलं, आज खरं सांगायचंच! माईक घेतला. समोर दोनशे माणसं. “मी... म्हणजे... तेव्हा...” कानशिलं तापली.

मागून धनराज ओरडला, “लाजता काऊन, भाऊ? चालू! चालू!”

मी तेलुगू अर्थ घेतला आणि खाली बसलो.