मास्तरांची मान

कॉफीवाल्याने रडत रडत बिया भाजायला नको होत्या. पण मास्तरांच्या शोकसभेला आपल्याच हातची कॉफी गेली पाहिजे, असा त्याचा हट्ट. तीन दिवस रडून नाक चोंदलेलं, डोळे भरलेले; भाजताना ना वास कळला, ना रंग दिसला. तरी दोन थर्मास भरून सभागृहाकडे रवाना झाले.

मागे उरलेला घोट बायकोने चाखला आणि तोंड वाकडं केलं.

"अहो, ही जळलीय! निव्वळ कोळसा."

"मस्करी नको करूस."

"आजच्या दिवशी मस्करी सुचेल का मला?"

कॉफीवाल्याच्या पायांखालची जमीनच सरकली. बिघडलेला घाणा त्याने आजवर गिऱ्हाइकापुढे ठेवला नव्हता. मास्तर रोज सकाळी आठला यायचे, पहिला कप घ्यायचे आणि मान हलवायचे. मान हलली की दुकान उघडायचं. एकदा ती हलायला उशीर झाला, तर या गृहस्थाने पाच किलो बिया कचऱ्यात ओतल्या. मास्तरांना उचकी लागली होती, हे मागाहून कळलं.

तो धावतच सभागृहात शिरला. सगळ्यांच्या हातात कप आणि सगळ्यांचे चेहरे पडलेले. शोकसभेत ते पडायचेच, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्याने पहिल्या रांगेतल्या आजोबांचा कप धरला.

"पिऊ नका, आजोबा. जळलीय."

"मला चालते."

"मला नाही चालत!"

ओढाताणीत कॉफी उडाली ती थेट मास्तरांच्या फोटोवर. माईकवर बोलणारे मास्तरांचे धाकटे भाऊ गप्प झाले. आता सगळे बघतायतच म्हटल्यावर कॉफीवाल्याने माईक घेतला.

"मंडळी, माफ करा. आजची कॉफी वाईट आहे. मास्तर असते तर त्यांनी मान हलवली नसती." एवढं बोलून तो ओक्साबोक्शी रडू लागला.

मास्तरांच्या बायकोने त्याला दंडाला धरून शेजारच्या खोलीत नेलं.

"हलवली असती रे," त्या म्हणाल्या.

"शक्य नाही, काकू. त्यांची जीभ म्हणजे..."

"चार वर्षांपूर्वी त्या तापात त्यांची चव गेली, ती परत आलीच नाही. वासही गेला. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट जेवायचे."

"मग रोज सकाळी?"

"तू हात जोडल्यासारखा तोंडाकडे बघत उभा राहायचास. माणूस दुसरं काय करणार?"

कॉफीवाला खुर्चीत बसला. चार वर्षांतल्या सकाळी त्याला एकेक करून आठवू लागल्या. त्यातल्या किती कॉफ्या चांगल्या होत्या, हे सांगणारं आता कुणी नव्हतं आणि तेव्हाही नव्हतं. मास्तरांचा राग यावा म्हटलं, तर तोही येईना.

काकूंनी टेबलावर त्यांच्यासाठी ठेवलेला कॉफीचा कप उचलला, एक घोट घेतला आणि कसाबसा गिळला.

"भयंकर आहे," त्या म्हणाल्या.

त्याने बाहीने डोळे पुसले. "काकू, उद्या सकाळी आठला याल?"